मॅरियट बॉनव्हॉयचे पॉइंट्स: सहा वर्षं जमवले, कुठं उडवले आणि कुठं फसले

आधीच सांगते, मी ट्रॅव्हल एक्सपर्ट वगैरे काही नाही. ऑटो पार्ट्सच्या कंपन्यांची क्वालिटी ऑडिट्स करते, त्यामुळे महिन्यातले दहाबारा दिवस श्रीपेरंबुदूर, साणंद, मानेसर, जमशेदपूर असल्या ठिकाणी जातात जिथं माणूस हौसेनं कधीच जाणार नाही, आणि रात्री हॉटेलच्या खोलीत बसून रिपोर्ट टाइप करताना एकच सुख असतं की उद्या चेकआउटनंतर दोनचार दिवसांत ॲपमध्ये पॉइंट्स पडतील. बिल कंपनी भरते, पॉइंट्स माझे. आमच्याकडे ते चालतं. सरकारी नोकरीतल्या भावाला चालत नाही, त्यांच्यात ऑफिशियल प्रवासाचे माइल्स (म्हणजे विमान कंपन्यांचे पॉइंट्स) ऑफिशियल प्रवासालाच वापरायचे असा नियम आहे, त्यामुळे तो दर दिवाळीला माझ्याकडे बघून एक उसासा टाकतो.

तर २०१९ मध्ये मी बॉनव्हॉय घेतलं, म्हणजे मॅरियट हॉटेलांच्या पॉइंट्सच्या प्रोग्रामची मेंबर झाले. तेव्हा ते नाव नवीनच होतं, मॅरियटनी स्टारवुड ही दुसरी हॉटेल कंपनी विकत घेतल्यावर सगळे जुने प्रोग्राम एकत्र करून फेब्रुवारी २०१९ मध्ये हे नाव दिलं. मधली कोविडची दोन वर्षं सोडली तर बऱ्यापैकी जमले, सगळे मिळून अडीच लाखांच्या आसपास कमावले असतील. हा रिव्ह्यू कमावण्याचा नाहीये, त्याच्यावर बोलणारे यूट्यूबवर पैशाला पासरी आहेत. खर्च कसे केले ते कोणी सांगत नाही, म्हणून लिहितेय.

तरी कमाईचा एक हिशेब डोक्यात हवाच, नाहीतर खर्चाची किंमत कळत नाही. बहुतेक ब्रँड्समध्ये एका डॉलरला १० पॉइंट्स. कंपनीची खोली सहा हजारांची धरा, म्हणजे सत्तरएक डॉलर, म्हणजे सातशे पॉइंट्स. माझं प्लॅटिनम आहे (वरच्या दर्जाची मेंबरशिप, वर्षाला ५० रात्री झाल्या की मिळते), त्यावर ५० टक्के बोनस, म्हणजे हजारच्या थोडं वर. साधी बरी खोली पॉइंट्सवर घ्यायची तर पंधरा हजार तरी जातात. म्हणजे चौदा-पंधरा रात्री श्रीपेरंबुदूर, मग एक रात्र फुकट. चौदा दिवस सासुरवास आणि एक दिवस माहेर, असा हा मामला आहे. त्यामुळे ‘अगं तुझं काय बाई सगळं फुकटच असतं’ असं जी जाऊबाई म्हणते तिला मी आता उत्तर देत नाही.

पहिली दोन वर्षं मी नुसते साठवले. कशासाठी माहीत नाही. आमच्या घराण्यातच आहे ते, आजी आवळ्याचा मोरावळा बरणीत ठेवायची, पाहुण्यांसाठी म्हणून, आणि पाहुणे येईपर्यंत त्याला बुरशी. माझं तेच झालं. २०२२ च्या मार्चपर्यंत मॅरियटचा तक्ता असायचा, अमुक कॅटेगरीचं हॉटेल म्हणजे तमुक पॉइंट्स, सीझनप्रमाणे थोडं वरखाली. मार्चच्या शेवटी तो तक्ताच गेला आणि भाव रोजच्या रोज बदलायला लागले. ज्या गोव्याच्या रिसॉर्टसाठी मी दीड वर्ष पै पै जोडत होते ते एका सकाळी माझ्या टप्प्याच्या बाहेर. तक्रार कुठं करणार, अटींमध्ये लिहिलेलंच असतं की पॉइंट्स त्यांचे, आपण नुसते सांभाळणारे. चोवीस महिने खात्यात काही हालचाल नाही झाली तर तेही जातात.

आणि हे काही एकट्या मॅरियटचं नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची विमानं थांबली तेव्हा आमच्या ऑफिसात लोक आधी पगार नाही, जेपीमाइल्स (जेटचे माइल्स) मोजत होते. ते माइल्स नावापुरते वाचले, त्याच वर्षी त्यांचं इंटरमाइल्स झालं, पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच नव्हतं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट्स एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये गेले, तिथं निदान विमानं होती आणि स्टार अलायन्स हा एअरलाइन्सचा गटही मिळाला. पण तेव्हापासून मी ठरवलंय की दीड लाखाच्या वर शिल्लक ठेवायची नाही. घरात एवढा तांदूळ भरत नाही आपण.

आता माझे खर्च. सगळे सांगते, लाज वाटते तेही.

गोवा केलंच शेवटी, हट्टानं. डिसेंबरात, दोन रात्री, एक लाख दहा हजार पॉइंट्स. कॅशचा भाव त्या दिवशी रात्रीला अडतीस हजार होता, म्हणजे पॉइंटला जवळजवळ सत्तर पैसे, पॉइंट्सवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं तर लोकांनी अंगठे दिले असते, आणि दिलेही. मस्त होतं, नाही म्हणणार नाही. पण परत येताना खंबाटकीत ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा नवऱ्यानी विचारलं, पॉइंट्स नसते तर आपण कुठं राहिलो असतो? मी म्हटलं पाळोळ्याला, सहा हजारवाल्या होमस्टेला, नेहमीसारखं. मग वाचले किती? सहा हजारच ना. पंचावन्न हजार पॉइंट्सचे सहा हजार, म्हणजे अकरा पैसे! गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

तेव्हापासून माझा हिशेब तोच. खोलीचा कॅश भाव काय आहे ते नाही बघायचं, तो भाव आपण जन्मात दिला नसता. पॉइंट्स नसते तर खिशातून खरोखर किती गेले असते ते बघायचं. हे पॉइंट्सवाल्या मंडळींना पटत नाही, त्यांचं म्हणणं की मग मजाच काय. असेल बाबा.

याच्या अगदी उलट केस वाशीची. जानेवारी २०२५, मुलाची जेईई मेन, २२ तारखेची सकाळची शिफ्ट, सेंटर नवी मुंबई. ॲडमिट कार्ड आलं चार दिवस आधी. नऊचा पेपर, साडेआठला गेट बंद, म्हणजे पुण्याहून पहाटे तीनला निघा आणि एक्सप्रेसवेवर एखादा कंटेनर आडवा झाला तर वर्ष गेलं. म्हटलं आदल्या रात्री राहू. आणि आदल्या रात्री, २१ तारखेला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्ले बँडचा शो! मी आपली नेहमीसारखी ॲप उघडून बसले तर पाच-सहा हजारांची खोली चौतीस हजार. बाकी साइट्सवर तर बघवत नव्हतं, नेरूळच्या लॉजेसनी पण नंबर काढले होते. आणि वाशीच्या एका हॉटेलात पॉइंट्सवर एक खोली दिसली, बावीस हजार पॉइंट्स. नेहमीपेक्षा जास्तच, पण कॅशचा भाव सहापट झाला होता तसे पॉइंट्स सहापट झाले नव्हते. विचार न करता घेतली. पॉइंट्स नसते तर चौतीस हजार दिले नसतेच, पण दहाबारा हजारांचं काहीतरी कुठूनतरी शोधलं असतं किंवा डोंबिवलीला मामेसासऱ्यांच्या हॉलमध्ये गाद्या घातल्या असत्या. म्हणजे माझ्या कडक हिशेबानंसुद्धा पॉइंटला पन्नास पैसे पडले. रात्री साडेबाराला लॉबीत चमकणारे हातातले बँड घालून पोरंपोरी गात होती, लिफ्टमध्ये गात होती, आमच्या मजल्यावर गात होती, मुलगा कानात कापूस घालून झोपला आणि मी जागी. पण सकाळी पोहा-इडली खाऊन पंधरा मिनिटांत सेंटरवर. पर्सेंटाइल विचारू नका.

असे दिवस कोणते ते आधी कळत नाही, म्हणून तीसचाळीस हजार पॉइंट्स मी नेहमी हाताशी ठेवते. लग्नसराईत नाशिक, ऑडिटच्या गर्दीत चाकण, मुंबईला पहाटेची फ्लाइट. ॲवॉर्डच्या, म्हणजे पॉइंट्सवर घेतलेल्या, खोलीचा अजून एक फायदा म्हणजे मला खोलीवरचा टॅक्स वेगळा भरावा लागला नाही, आणि बहुतेक बुकिंग एकदोन दिवस आधीपर्यंत कॅन्सल करता येतं, पॉइंट्स परत. (प्रत्येक हॉटेलचं बघून घ्या, गोव्याचं डिसेंबरात वेगळं असतं.) शिवाय फुकटच्या रात्रीही प्लॅटिनमच्या मोजणीत धरतात, लाउंज आणि ब्रेकफास्टही मिळतो. माझी आई लाउंजमध्ये संध्याकाळचे छोटे समोसे रुमालात बांधायला निघाली होती तो प्रसंग इथं लिहिणार नाही असं तिला वचन दिलंय.

महाबळेश्वरचं ले मेरिडियन (तेही मॅरियटचंच) आम्ही जुलैत केलं, मंगळवार-बुधवार. तिथं मे महिन्यात कोण जातं, भाव बघून चक्कर येते. जुलैत मधल्या वारी पॉइंट्सही उतरतात, धुक्यात समोरचं झाड दिसत नाही, व्ह्यू पॉइंट बघायला जायचं नसतंच कारण सगळीकडे पांढरं. दोन दिवस खिडकीत बसून भजी. मला विचाराल तर कुटुंबासाठी पॉइंट्सचा हा सगळ्यात सुखाचा वापर, घाट उतरलो की घर.

पाचवी रात्र फुकटची स्कीम आहे, पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर त्यातली सगळ्यात स्वस्त रात्र माफ. कागदावर छान. पण एका हॉटेलात पाच रात्री राहायला आपल्याकडं रजा कोणाला मिळते? ही स्कीम अमेरिकन सुट्टीच्या मापानं शिवलीय. आम्हाला एकदाच लागू पडली, बँकॉकला, दिवाळीच्या सुट्टीत. तिथं या कंपनीची हॉटेलं डझनावारी आहेत आणि पॉइंट्स मुंबईपेक्षा कमी लागतात. चार रात्रींचे भरले, पाच राहिलो. नवऱ्याच्या खात्यातले पॉइंट्स माझ्याकडे घेतले होते त्यासाठी, वर्षाला एक लाखापर्यंत दुसऱ्या मेंबरला देता येतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, दोघांचे अर्धे अर्धे सडत असतात.

कार्डाचं एका ओळीत: एचडीएफसीचं मॅरियटवालं कार्ड मी घेतलं तेव्हा फी तीन हजार अधिक जीएसटी होती आणि वर्षाला पंधरा हजार पॉइंट्सपर्यंतची एक रात्र मिळत होती. साडेतीन हजारांत चाकणलासुद्धा खोली मिळत नाही हो. फक्त त्या रात्रीला वर्षाची मुदत असते आणि पंधरा हजारांत बसणारं हॉटेल नेमकं लाँग वीकेंडला सापडत नाही. माझी एक रात्र अशीच मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात पुण्यातच वापरली, घरापासून अकरा किलोमीटर. शेजारच्या काकू म्हणाल्या, भांडण झालं का?

आता हे पॉइंट्स विमानाकडं वळवायचे का? मॅरियटचे तीन पॉइंट म्हणजे बऱ्याच एअरलाइन्सचा एक माइल, आणि साठ हजार एकदम दिले तर वर पाच हजार बोनस, म्हणजे पंचवीस हजार माइल्स. मी म्हणेन नको. साठ हजारांत दोन-तीन वेळा वाशी होते. तिकिटाला दोनतीन हजार माइल्स कमी पडत असतील आणि सीट समोर दिसत असेल तेवढ्यापुरतं ठीक.

सीट समोर दिसत असेल, हे दोनदा वाचा. कारण मी इथंच तोंडावर आपटलेय. एका परदेशी एअरलाइनची, नाव नाही घेत, मुंबई ते युरोप दोन सीट्स दिसत होत्या, मी कार्डाचे सगळे पॉइंट्स तिकडं पाठवले, पोचायला तीन दिवस लागले, आणि पोचेपर्यंत सीट्स गायब. एकदा पाठवले की परत येत नाहीत. कस्टमर केअरची बाई फार गोड बोलत होती, पण गोड बोलून काय होतंय. पुढची तारीख शोधता शोधता ते माइल्स मुदत संपून गेले. आणि नवऱ्यानी त्याच्या एका एअरलाइनच्या माइल्समधून हेडफोन घेतले, जे बाजारात अडीच हजाराला होते, त्याबद्दल आमच्या घरात आता बोलत नाहीत. कॅटलॉगमधल्या वस्तू, मिक्सर, बॅगा, गिफ्ट व्हाउचर, यांच्याकडे बघायचंही नाही.

विमानात मला एकच प्रोग्राम मनापासून आवडलाय, सिंगापूरचा क्रिसफ्लायर. त्यांच्या स्वतःच्या विमानांच्या ॲवॉर्ड तिकिटावर ते फ्यूल सरचार्ज लावत नाहीत, २०१७ पासून. बाकी काही एअरलाइन्स माइल्सही घेतात आणि वर सरचार्जच्या नावाखाली जवळजवळ तिकिटाचेच पैसे, मग फुकट काय डोंबल? माइल्सना ३६ महिने मुदत. दुसऱ्याला तिकीट काढायचं तर पाच जण नॉमिनी करता येतात. मी आई-बाबांना नॉमिनी केलं तर बाबा घाबरले, त्यांना एलआयसी आठवली, ‘तुला काही झालंय का?’

दादा मेलबर्नला असतो, त्यांना तिकडं जायचं होतं. स्वस्तवाल्या सेव्हर सीटसाठी वेटिंग लिस्ट लावता येते तिथं, मी बिझनेसच्या दोन लावल्या. कन्फर्म झाली एक. आता आली का पंचाईत. घरात तीन दिवस चर्चा, बाबा म्हणतात तू जा, आई म्हणते तुमचे गुडघे. शेवटी आई पुढं बसली आणि बाबा मागं इकॉनॉमीत. उतरल्यावर व्हिडिओ कॉलवर आईचा रिव्ह्यू: ‘झोपायचंच होतं तर घरी काय वाईट होतं, आणि ह्यांच्याशी बोलायला एअर होस्टेसला सारखं पाठवावं लागत होतं.’ बाबांना मात्र शेजारी कोल्हापूरचे एक गृहस्थ भेटले, त्यांचा प्रवास फार छान झाला. त्या बिझनेस सीटची किंमत दोन लाखांच्या वर दाखवत होते. माझ्या हिशेबात ती इकॉनॉमीच्या तिकिटाएवढीच, कारण दोन लाख कोणी दिले असते? तरी या एका बाबतीत माझा हिशेब मी गुंडाळून ठेवते. आईनी त्या प्रवासातला पायजमा अजून जपून ठेवलाय, दादानी विकत घेतलेला, विमानानी नव्हे, पण ती सगळ्यांना विमानातला म्हणून दाखवते.

ज्यांना ही डोकेफोडच नको त्यांच्यासाठी ॲकोर या दुसऱ्या हॉटेल कंपनीचा ऑल प्रोग्राम बरा. २००० पॉइंट्स म्हणजे ४० युरो, बिलातून वजा, संपलं. तारीख बघा, तक्ता बघा काही नाही. लॉटरी लागायची शक्यता शून्य, फसायची पण शून्य. विमाननगरच्या नोव्होटेलला आम्ही असे वापरलेत, माझ्या एका सहकाऱ्याला तर हेच आवडतं, तो एफडीवाला माणूस आहे. मी पण वयानी तिकडंच चाललेय बहुतेक.

पॉइंट्स विकत घेऊ नका एवढं मात्र हात जोडून सांगते. मॅरियटचा नेहमीचा दर हजाराला साडेबारा डॉलर, म्हणजे पॉइंटला रुपयाच्या वर, आणि वापरताना साठसत्तर पैसे आले तरी आपण नाचतो. सेलमध्ये घेतले तरी आधी खोली शोधा, मग घ्या. ‘फक्त आज रात्रीपर्यंत’ असे मेल दर दीड महिन्यानी येतात. कॅश प्लस पॉइंट्सचं बटणही असंच, दिसायला बिचारं गरीब, पण मी जेवढ्या वेळा गणित केलं तेवढ्या वेळा आपलाच खिसा कापलेला निघाला.

स्टार द्यायचे तर बॉनव्हॉयला पाचातले साडेतीन. अर्धा कापला तो तक्ता काढला म्हणून, एक कापला तो भाव सकाळ-संध्याकाळ बदलतात म्हणून. पण पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, गोवा एवढ्या ठिकाणी पसरलेला दुसरा प्रोग्राम माझ्या कामाच्या गावांनाही पुरा पडत नाही, त्यामुळे सोडणार नाही.

सध्या शिल्लक एक्केचाळीस हजार दोनशे. आईला विचारलं यंदा कुठं जायचं, जिथं म्हणशील तिथं नेते, पॉइंट्स आहेत. ती म्हणाली गणपतीपुळे. तिथं एमटीडीसी आहे, समुद्रासमोर, आणि एमटीडीसीला माझं प्लॅटिनम कळत नाही. कॅश भरून दोन खोल्या बुक केल्यात, समोसे नाहीत असं तिला आधीच सांगितलंय.